मोकळ्या मनाचा उमेदवार

निवडणुकीच्या सभेत उभ्या राहिलेल्या उमेदवाराकडून मतदारांची पहिली अपेक्षा असते ती ठाम उत्तराची. अमुक कर हवा की नको, अमुक योजना चालू राहणार की बंद होणार, याचे उत्तर त्याने एका शब्दात द्यावे आणि निवडून आल्यावर त्या शब्दापासून ढळू नये, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे असेही नाही. परंतु शिक्षणाच्या प्रश्नाला हाच नियम जसाच्या तसा लावू लागले म्हणजे मोठी पंचाईत होते. रस्ता कोठून न्यावा याचा निर्णय चुकला, तर तो पुढल्या वर्षी दुरुस्त करता येतो. मुलांना काय शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे, कोणाच्या खर्चाने शिकवावे, याचा निर्णय चुकला, तर त्याचे फळ एका संपूर्ण पिढीला भोगावे लागते. आणि ज्यांना ते भोगावे लागते, त्या मुलांना मताचा अधिकार नसतो. मत देणारे निराळे आणि परिणाम भोगणारे निराळे, अशी ही विलक्षण निवडणूक असते.

म्हणूनच शिक्षणाच्या बाबतीत उमेदवाराने मन मोकळे ठेवावे, असे विचारी माणसे सांगत आली आहेत. पण मोकळे मन म्हणजे तरी काय? ज्याला स्वतःचे मतच नाही, जो वारा येईल तशी पाठ फिरवतो, त्याचे मन मोकळे नसते, रिकामे असते. रिकाम्या मनाचे उमेदवार प्रत्येक निवडणुकीत पुष्कळ सापडतात. मोकळ्या मनाचा उमेदवार मात्र क्वचित आढळतो. कारण ज्याची मते प्रखर आहेत, ती जगजाहीर आहेत, आणि तरीही अनुभवापुढे त्यांना मुरड घालण्याची ज्याची तयारी आहे, अशाच माणसाला हे विशेषण शोभते. अशा माणसांचे एक ठळक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात १८७० साली घडून गेले. त्याचे पडसाद पुढे चाळीस वर्षांनी भारताच्या विधिमंडळातही उमटले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंड हे जगातील सर्वांत संपन्न राष्ट्र होते. त्याचा व्यापार साऱ्या समुद्रांवर पसरला होता, त्याच्या गिरण्यांचे कापड खेडोपाडी पोहोचले होते. परंतु त्याच राष्ट्राच्या शहरांतील गल्ल्यांतून हजारो मुले अक्षरओळखीवाचून वाढत होती. प्राथमिक शाळा चालवण्याचे काम धार्मिक संस्थांकडे होते. प्रस्थापित चर्चच्या अनुयायांनी १८११ साली आपली संस्था काढली, आणि चर्चबाहेरच्या पंथांचा आधार असलेली दुसरी संस्था जवळजवळ त्याच सुमारास उभी राहिली. सरकारने १८३३ साली प्रथमच या कामासाठी २०,००० पौंडांचे अनुदान दिले. अनुदान पुढे वाढत गेले, तपासनीस आले, परीक्षा आल्या. १८६२ पासून तर मुलांच्या परीक्षेतील निकालावर शाळेचे अनुदान ठरू लागले, आणि शिक्षण म्हणजे घोकंपट्टी असे समीकरण होऊन बसले. तरीही ज्या वस्तीत धर्मादाय देणगीदार नव्हते, त्या वस्तीत शाळाही नव्हती.

१८६७ साली मताधिकाराचा विस्तार झाला आणि शहरांतील कामकऱ्यांच्या मोठ्या वर्गाला मत मिळाले. या विस्ताराला ज्यांनी कडाडून विरोध केला होता, त्यांत रॉबर्ट लो हे एक होते. निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू करणारे तेच. परंतु मताधिकार एकदा दिला गेल्यावर, आता या नव्या धन्यांना निदान अक्षरे तरी शिकवली पाहिजेत, असे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर आली. भयापोटी बदललेले मत आणि विचाराने बदललेले मत यांत अंतर असते, हे खरे. पण शाळेचा प्रश्न यापुढे टाळता येणार नाही, एवढे सर्वांना कळून चुकले.

प्रश्न कळला म्हणजे उत्तरावर एकमत होते असे मात्र नव्हे. १८६९ साली बर्मिंगहॅम येथे एक संघ स्थापन झाला. शाळा सार्वजनिक पैशावर चालाव्यात, फी नसावी, हजेरी सक्तीची असावी आणि कोणत्याही पंथाची शिकवण तेथे दिली जाऊ नये, असा त्याचा आग्रह होता. त्याच वर्षी मँचेस्टर येथे दुसरा संघ उभा राहिला. धर्मशिक्षणावाचून शिक्षण म्हणजे पायावाचून घर, आणि ज्या शाळा धार्मिक संस्थांनी पदरमोड करून चालवल्या त्यांनाच अधिक साहाय्य द्यावे, असे त्याचे म्हणणे. दोन्ही बाजूंना विद्वान होते, वक्ते होते, पैसा होता. सभा गाजल्या, पत्रके निघाली. या साऱ्या गदारोळात लेखणी-पाटी घेऊन बसण्याची वाट पाहणारे मूल कोणाच्याच डोळ्यांसमोर फार वेळ राहिले नाही.

ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळाच्या वतीने विल्यम फॉर्स्टर यांनी १७ फेब्रुवारी १८७० रोजी पार्लमेंटपुढे विधेयक मांडले. फॉर्स्टर हे ब्रॅडफर्डचे प्रतिनिधी, लोकरीच्या धंद्यातले कारखानदार, क्वेकर कुटुंबात जन्मलेले. त्यांनी दोन्ही संघांना नाराज केले. जुन्या शाळा त्यांनी मोडल्या नाहीत; जेथे शाळा अपुऱ्या तेथे नव्या काढाव्यात, त्यासाठी स्थानिक करदात्यांनी निवडलेले स्कूल बोर्ड असावे, आणि बोर्डाला कर बसवण्याचा अधिकार असावा, अशी त्यांची योजना होती. धर्मशिक्षणाविषयी पुष्कळ रणे माजल्यावर तडजोड झाली. बोर्डाच्या शाळेत कोणत्याही विशिष्ट पंथाची प्रश्नोत्तरी वा मतप्रणाली शिकवता येणार नाही, असे एक कलम त्यात घालण्यात आले. कूपर-टेंपल कलम या नावाने ते प्रसिद्ध आहे. ज्या पालकांना धर्मशिक्षण नको, त्यांना आपले मूल त्या तासापासून दूर ठेवण्याची मुभा मिळाली. बायबल वाचावे की वाचू नये, हजेरी सक्तीची करावी की करू नये, हे मात्र कायद्याने ठरवले नाही. ते प्रत्येक बोर्डावर सोपवले. म्हणजे पार्लमेंटला जे भांडण मिटवता आले नाही, ते गावोगावच्या निवडणुकींत उतरले.

या निवडणुकींची पद्धतही निराळीच होती. जेवढ्या जागा तेवढी मते प्रत्येक मतदाराला मिळत, आणि ती सर्वच्या सर्व एकाच उमेदवाराला देण्याची त्याला मोकळीक असे. अल्पसंख्य पंथांनाही प्रतिनिधित्व मिळावे हा त्यामागचा हेतू. कर भरणाऱ्या स्त्रियांना मत देता येत होते, आणि स्त्रियांना उमेदवार म्हणून उभेही राहता येत होते. पार्लमेंटचे दार स्त्रियांना बंद असताना शाळेचे हे दार उघडले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

बर्मिंगहॅममध्ये या पद्धतीने मोठी गंमत केली. जागा १५ होत्या. संघाच्या उदारमतवाद्यांना आपल्या बळाचा इतका विश्वास, की त्यांनी १५ जागांसाठी १५ उमेदवार उभे केले. चर्चपक्षाने मोजके आठच उभे केले. संघाची मते पंधरांत वाटली गेली, चर्चपक्षाची आठांवर एकवटली. चर्चचे आठही निवडून आले, संघाचे सहाच आले, आणि एकमेव रोमन कॅथलिक धर्मगुरूंना सर्वांत अधिक मते पडली. ज्या नगरीतून पंथातीत शिक्षणाची हाक उठली, त्याच नगरीचे बोर्ड प्रतिपक्षाच्या हाती गेले. पुढची तीन वर्षे तेथे वादात गेली. गरीब मुलांची फी पंथांच्या शाळांना द्यावी की नाही, यावर सभांमागून सभा गाजल्या. १८७३ साली संघाने शहाणे होऊन आठच उमेदवार उभे केले आणि बहुमत मिळवले. मग बोर्डाच्या शिक्षकांकडून मिळणारे धर्मशिक्षण तेथून हद्दपार झाले. आणि १८७९ साली टीकेवाचून बायबलवाचन पुन्हा सुरू झाले. जो जिंकला त्याने आपला शब्द खरा केला, असे म्हणता येईल. पण शाळेत बसलेल्या मुलाच्या दृष्टीने पाहता, प्रत्येक निवडणुकीबरोबर त्याच्या दिवसाचा पहिला तास इकडून तिकडे ओढला गेला.

लंडनमध्ये काय घडले ते आता पाहावे. तेथे बोर्डाच्या ४९ जागा होत्या आणि शहराचे दहा विभाग पाडले होते. २९ नोव्हेंबर १८७० हा मतदानाचा दिवस. उमेदवारांत सरदार होते, धर्मगुरू होते, व्यापारी होते, आणि खुर्च्यांचे कोरीवकाम करणारे बेंजामिन लुक्राफ्ट यांच्यासारखे कारागीरही होते. ग्रिनिचमधून एमिली डेव्हिस उभ्या होत्या. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी वर्षभरापूर्वीच एक महाविद्यालय काढले होते. सिटी विभागातून विल्यम रॉजर्स हे धर्मोपदेशक उभे होते. शाळा काढण्याच्या कामात धर्मशास्त्राच्या वादांची अडचण येऊ लागली तेव्हा, धर्मशास्त्र राहू द्या बाजूला, आधी शाळा सुरू करा, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काही वर्षांपूर्वी एका सभेत काढले होते. त्यावरून लोकांनी त्यांना एक थट्टेचे टोपणनावच दिले. धर्मोपदेशकाने असे म्हणावे याचा पुष्कळांना धक्का बसला होता. तरी मतदारांनी त्यांना निवडून दिले.

मेरिलबोन विभागात सात जागांसाठी जी चुरस झाली, ती सर्वांत नामांकित. तेथे डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट या उमेदवार होत्या. इंग्लंडमध्ये वैद्यकीचा परवाना मिळवण्यासाठी त्यांनी किती दारे ठोठावली ते सर्वश्रुत होते. त्यांना ४७,००० हून अधिक मते पडली. साऱ्या लंडनमध्ये एवढी मते दुसऱ्या कोणालाही मिळाली नाहीत. त्याच विभागात १३,००० वर मते मिळवून दुसरे आले ते टॉमस हेन्री हक्स्ले.

हक्स्ले यांची ओळख करून देण्याची तेव्हा कोणाला गरज नव्हती. डार्विनच्या सिद्धांताचा कैवार घेऊन त्यांनी बिशपांशी आणि पंडितांशी वाद घातले होते. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी मानवी बुद्धीला निश्चयाने काही सांगता येत नाही, ही भूमिका व्यक्त करण्यासाठी ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द त्यांनीच १८६९ साली बनवला होता. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अवघे दोन वर्षांचे. बाकीची विद्या त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवली होती. लंडनच्या कामकऱ्यांना ते वर्षानुवर्षे विज्ञानावर व्याख्याने देत. असा माणूस स्कूल बोर्डात गेला म्हणजे बायबल शाळेबाहेर गेलेच, असे त्यांच्या मित्रांना वाटत होते आणि शत्रूंनाही.

परंतु निवडणुकीच्या आधी हक्स्ले यांनी एक लेख लिहिला होता. बोर्डांना काय करता येईल आणि काय करणे उचित होईल, याची चर्चा त्यात होती. तो एका मासिकाच्या डिसेंबरच्या अंकासाठी होता. परंतु संपादकाने स्वतःच्या जबाबदारीवर त्यातील काही भाग मतदानाच्या आधीच वृत्तपत्रांकडे धाडून दिला. त्यामुळे उमेदवाराच्या मनातील अडचण मतदारांपुढे उघडी झाली. ती अडचण अशी: पंथविद्येवाचून शिक्षण असावे या मताचे आपण सदैव पुरस्कर्ते आहो, परंतु आचरणाला आधार देणारी जी धर्मभावना, ती आजच्या मतामतांच्या गलबल्यात बायबलवाचून कशी टिकवावी, हे कोडे आपल्याला सुटलेले नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. पुढे त्यांनी त्या ग्रंथाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले. तीन शतके इंग्रजी जीवनात जे काही उदात्त घडले त्यात हा ग्रंथ विणला गेला आहे. त्याची भाषा अत्यंत शुद्ध आणि सुंदर आहे. आणि ज्या खेडुताने कधी गावाची वेस ओलांडली नाही त्यालाही, आपल्या देशाबाहेर इतर देश आणि इतर संस्कृती होत्या, याची जाणीव तो करून देतो. म्हणून भूगोल, इतिहास आणि व्याकरण यांच्या स्पष्टीकरणासह, मुलांना अयोग्य असा भाग वगळून, पाद्र्याने नव्हे तर साध्या शिक्षकाने तो वाचून दाखवावा, असे त्यांचे म्हणणे पडले.

उमेदवाराने निवडणुकीच्या तोंडावर आपले कोडे सुटलेले नाही असे सांगावे, हे आजच्याप्रमाणे तेव्हाही धोक्याचे होते. एका बाजूला कडव्या धर्मनिष्ठांचा त्यांच्यावर विश्वास बसणे कठीण होते. दुसऱ्या बाजूला धर्मनिरपेक्ष शिक्षणाच्या कट्टर कैवाऱ्यांना ही माघार वाटणार होती. हक्स्ले यांनी हा धोका जाणूनबुजून पत्करला. आपली शंका झाकून ठेवून मते मिळवणे त्यांना सहज शक्य होते. पण मग बोर्डात बसल्यावर त्यांना दोहोंपैकी एक करावे लागले असते: शंका दडपून दिलेल्या शब्दाला चिकटून राहणे, नाहीतर शब्द मोडून मतदारांना फसवणे. शंका आधीच सांगितली असल्यामुळे ते दोन्ही पापांतून मुक्त राहिले. मोकळ्या मनाला प्रामाणिकपणाची जोड अशा रीतीने लागते.

१५ डिसेंबर १८७० रोजी गिल्डहॉलमध्ये बोर्डाची पहिली बैठक भरली. अध्यक्ष झाले लॉर्ड लॉरेन्स. पंजाबच्या कारभारामुळे आणि १८६४ ते १८६९ या काळातील व्हाइसरॉयपदामुळे हे नाव भारताला चांगले परिचयाचे. साम्राज्याच्या सर्वोच्च पदावरून उतरलेला माणूस गरीब मुलांच्या शाळांच्या मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारतो, यात त्या पदाचा गौरव होता. लॉरेन्स हे अत्यंत धर्मनिष्ठ होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली अज्ञेयवादी हक्स्ले, चर्चचे अधिकारी, चर्चबाहेरचे उपदेशक, कारागीर लुक्राफ्ट आणि दोन स्त्रिया एका मेजाभोवती बसल्या. बर्मिंगहॅमची पुनरावृत्ती होण्याला सारी सामग्री तयार होती.

१८७१ च्या मार्च महिन्यात डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी ठराव मांडला. बोर्डाच्या शाळांत बायबल वाचले जावे, मुलांच्या कुवतीला झेपेल असे त्याचे स्पष्टीकरण व नीतिधर्माचे शिक्षण द्यावे, परंतु मुलांना कोणत्याही पंथाकडे ओढण्याचा प्रयत्न होऊ नये, असा त्याचा आशय. हक्स्ले यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले आणि तो प्रचंड बहुमताने संमत झाला. प्रस्थापित चर्चच्या अभिमान्यांनी आपली प्रश्नोत्तरी सोडली. धर्मनिरपेक्षतेच्या अभिमान्याने ग्रंथाचा विरोध सोडला. प्रत्येकाने काही तरी गमावले, आणि लंडनच्या शाळा उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. हक्स्ले यांच्या जुन्या सोबत्यांपैकी पुष्कळांनी त्यांना दोष दिला. तडजोड पुरती टिकली असेही नाही. १८९४ च्या सुमारास बोर्डातील एका पक्षाने तिचा अर्थ आवळून धरला, शिक्षकांनी विशिष्ट सिद्धांत शिकवलेच पाहिजेत असा आग्रह धरला, आणि शिक्षकांनी त्याचा निषेध केला. तडजोड कागदावर लिहिता येते. तिच्यामागचे मन पुढच्या सभासदांना वारशाने देता येत नाही.

परंतु बायबलच्या प्रश्नावरून हक्स्ले यांच्या कामाचे मोजमाप करणे अन्यायाचे होईल. त्यांचे खरे काम शिक्षणक्रम ठरवणाऱ्या समितीत झाले. त्या समितीचे ते अध्यक्ष होते. वाचन, लेखन, गणित यांपलीकडे गरिबांच्या मुलांना कशाची गरज नाही, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. समितीने बालवर्ग, कनिष्ठ शाळा आणि वरिष्ठ शाळा अशी पायऱ्यांची रचना सुचवली. इतिहास, भूगोल, चित्रकला, संगीत, कवायत आणि वस्तुपाठांच्या द्वारा विज्ञानाची ओळख यांना तिने शिक्षणक्रमात स्थान दिले. गटाराच्या काठी जन्मलेल्या मुलाला विद्यापीठापर्यंत चढून जाता येईल अशी शिडी राष्ट्राने उभी केली पाहिजे, ही कल्पना हक्स्ले यांनी रूढ केली. प्रकृती ढासळल्यामुळे १८७२ च्या आरंभी त्यांना बोर्ड सोडावे लागले. जेमतेम चौदा महिन्यांचे त्यांचे सभासदत्व. पण त्या शिक्षणक्रमाची छाप पुढे अनेक वर्षे टिकली.

बोर्डाला सर्वांत कठीण धडा मिळाला तो सक्तीच्या बाबतीत. लंडनने १८७१ साली पाच ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सक्तीचे नियम केले आणि दहा वर्षांवरील मुलांना काही सवलती ठेवल्या. नियम करणे सोपे होते. पण बोर्डाची माणसे जेव्हा मुलांची नोंद घेण्यासाठी घरोघर फिरू लागली, तेव्हा घरी तान्हे सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी, काड्यापेट्यांचे खोके चिकटवून आईला हातभार लावणारा मुलगा, फीचे दोन-तीन पेन्स काढून देणेही कठीण झालेली विधवा, अशी दृश्ये पुढे आली. सक्तीचा कायदा मोडला म्हणून अशा आईबापांना न्यायाधीशापुढे उभे करण्याची वेळ आली. सक्ती हवी असे म्हणणाऱ्यांना, सक्ती करायची तर फी घेणे अन्यायाचे आहे, हे तेथे कळले. गरीब घराच्या खाजगी व्यवहारात सरकारने पडू नये असे म्हणणाऱ्यांना, सक्तीवाचून ती आठ वर्षांची मुलगी शाळेत कधीच येणार नाही, हे तेथे कळले. साऱ्या इंग्लंडात हजेरी सक्तीची व्हायला १८८० साल उजाडले, आणि फी बहुतांशी नाहीशी व्हायला १८९१. ही वीस वर्षे म्हणजे एका राष्ट्राने आपले मत अनुभवाने बदलण्याची वीस वर्षे होत.

हक्स्ले यांचे मन सर्वच दिशांना मोकळे होते असे म्हणणे मात्र सत्याला सोडून होईल. रोमन कॅथलिक धर्मसंघटनेविषयी त्यांची भाषा अनेकदा कठोर असे, आणि तिच्या शाळांचा प्रश्न निघाला म्हणजे त्यांच्यातील वादवीर जागा होई. एखाद्या खोलीची सर्व कवाडे उघडी असतात असे नाही. एखादे गंजून बसलेले असतेच. माणसाची परीक्षा एवढीच की, ज्या दारातून मुलाला आत यायचे आहे ते तरी त्याने बंद केले नाही ना? या परीक्षेला हक्स्ले उतरले.

या कायद्याचा भारताशी आलेला संबंध केवळ लॉर्ड लॉरेन्स यांच्यापुरता नाही. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. इंग्लंडचे १८७० आणि १८७६ चे कायदे आणि आयर्लंडचा १८९२ चा कायदा यांच्या धर्तीवर ते बेतले होते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. सक्तीचा निर्णय त्यांनीही स्थानिक संस्थांवर सोपवला होता. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून आरंभ करावा, ज्या पालकांचे उत्पन्न महिना १० रुपयांहून कमी त्यांना फी नसावी, आणि शाळा जेथे बऱ्याच अंशी पोहोचल्या आहेत तेथेच सक्ती आणावी, इतकी सावध ती योजना होती. गोखल्यांनी ती वर्षभर देशापुढे चर्चेला ठेवली. आलेल्या आक्षेपांतून जे ग्राह्य वाटले त्याप्रमाणे फेरफार करण्याची तयारी त्यांनी दाखवली. विधेयकाचा जनकच आपल्या अपत्याविषयी मन मोकळे ठेवून उभा होता.

१८ आणि १९ मार्च १९१२ या दोन दिवशी त्यावर वाद झाला. विधेयक संमत करा, अशी मागणी त्या दिवशी नव्हतीच. ते प्रवर समितीकडे पाठवावे, म्हणजे निवडक सभासदांनी त्याची बारकाईने छाननी करावी, एवढीच विनंती होती. पंडित मदनमोहन मालवीय आणि महंमद अली जीना यांच्यासारख्या सभासदांनी तिला पाठिंबा दिला. पण सरकारी सभासदांची मते वादाला आरंभ होण्यापूर्वीच ठरलेली होती, आणि काही बिनसरकारी सभासदही त्यांना मिळाले. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. त्या दिवशी विधेयकाचा पराभव झाला, एवढेच सांगून भागत नाही. त्या विधेयकाचा विचार करण्यालाच नकार मिळाला. उत्तर चुकले असते तर दुरुस्त करता आले असते. येथे प्रश्नच ऐकून घेतला गेला नाही. गोखले खचले नाहीत. आपल्या पिढीने अपयशांच्या द्वाराच देशाची सेवा करावयाची आहे, अशा भावनेने त्यांनी तो निकाल स्वीकारला. १९१५ साली त्यांचे निधन झाले.

त्या नकाराची किंमत कोणी दिली? ज्या सभासदांनी हात वर केले त्यांनी दिली नाही. ती त्या वर्षी सहा वर्षांच्या असलेल्या मुलांनी दिली. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, पण तोवर ती मुले बारा वर्षांची झाली होती. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे ध्येय राज्यापुढे ठेवले. २००२ सालच्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्याला मूलभूत हक्काचे स्वरूप दिले, आणि त्यासाठी केलेला कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकानंतर जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती.

लंडनचे बोर्ड १९०४ साली विसर्जित होऊन त्याच्या शाळा लंडनच्या कौंटी कौन्सिलकडे गेल्या. त्या बोर्डाचे वाद आता इतिहासजमा झाले. पण त्यांच्या जागी दुसरे आले आहेत. माध्यम कोणते असावे, परीक्षा किती असाव्यात, खाजगी शाळांना किती मोकळीक द्यावी, पाठ्यपुस्तकात काय असावे, या प्रश्नांवर आजही उमेदवारांकडून एका शब्दाचे उत्तर मागितले जाते, आणि ते तत्परतेने दिले जाते. असे उत्तर देणाऱ्याला टाळ्या मिळतात. परंतु मतदाराने त्याला आणखी दोन प्रश्न विचारून पाहावेत. या बाबतीत तुमची अडचण काय आहे? आणि कोणता अनुभव आला तर तुम्ही आपले मत बदलाल? ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याने एक तर विचार केलेला नसतो, किंवा केलेला विचार सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी नसते. मेरिलबोनच्या मतदारांनी १८७० साली अशी अडचण ऐकून घेतली, तिच्याबद्दल उमेदवाराला शिक्षा केली नाही, उलट त्याला बोर्डात धाडले. मोकळ्या मनाचे उमेदवार हवे असतील, तर मोकळ्या मनाचे मतदारही असावे लागतात.